स्थायी, संचारी आणि इतर फिरते शब्द

भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीपाशी 'संचारी' हा शब्द काढला की तिला वर्णमातला एक ठरावीक टप्पा आठवतो. गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात बसलेली असते आणि तेवढ्या अवधीत नाचणारी त्या ओळीच्या आधाराने कुठे कुठे हिंडून येते. ओळीत प्रियकर आला नाही एवढीच तक्रार असेल; नाचात मात्र त्याची पहिली भेट, त्याने केलेली चेष्टा, मैत्रिणींचे टोमणे, विझत आलेला दिवा असे सगळे येऊन जाते. धृपद गाणाऱ्याला हाच शब्द बंदिशीचा तिसरा भाग म्हणून ठाऊक असतो: स्थायी, अंतरा, संचारी, आभोग. काव्यशास्त्र शिकलेला माणूस म्हणेल, संचारी म्हणजे व्यभिचारी भाव. ते तेहतीस आहेत. रती हा भाव मुळाशी स्थिर असतो आणि हर्ष, चिंता, व्रीडा, औत्सुक्य, असूया त्याच्याभोवती येऊन-जाऊन असतात. जुन्या संगीतग्रंथांचा वाचक आणखी चौथेच सांगेल. त्या ग्रंथांत स्वरांच्या चालीचे चार 'वर्ण' आहेत. एकाच स्वरावर थांबणे हा स्थायी, चढणे हा आरोही, उतरणे हा अवरोही आणि या तिन्हींची सरमिसळ हा संचारी.

म्हणजे शब्द एक आणि अर्थ चार. धृपदातली संचारी ऐकवून नर्तिकेला तिची संचारी समजावता येणार नाही, आणि तेहतीस भावांची यादी पाठ असलेल्या पंडिताला त्या जोरावर बंदिश बांधता येणार नाही. तरीही शब्द निष्काळजीपणे वापरला गेला आहे असे वाटत नाही. चारही ठिकाणी एक नाते सारखे आहे. काहीतरी जागच्या जागी ठाम राहते आणि त्याच्या जिवावर दुसरे काहीतरी भटकते. वर्णमात ओळ ठाम असते, रसविचारात स्थायीभाव, धृपदात ज्या ओळीकडे फिरून यायचे ती पहिली ओळ. (आमच्याकडचे जुने गवई 'अस्ताई' म्हणत. पुढे कुणा शुद्धलेखनवाल्याने ते 'अस्थायी' असे सुधारून लिहिले, म्हणजे जे टिकून राहायचे तेच तात्पुरते ठरवले. गवयांचे त्यावाचून काही अडले नाही.)

सत्कारसमारंभांत, नारळ-शाल झाल्यावर, 'शेवटी सर्व कला एकच' हे वाक्य हमखास येते. ते खोटे आहे म्हणून मला खटकत नाही. त्यात काहीच सांगितलेले नसते म्हणून खटकते. नाट्य, संगीत आणि नृत्य यांची सामाईक शब्दसंपत्ती नीट उलगडून पाहिली तर ती यापेक्षा नेमके आणि काहीसे अनपेक्षित बोलते. ती सांगते की या तिन्ही कलांना काळाबद्दल बोलायचे होते आणि काळासाठी त्यांच्याजवळ शब्द नव्हते. म्हणून त्यांनी जागेचे शब्द घेतले. उभे राहणे, चालणे, शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, वळणे: हे सगळे पायांचे शब्द आहेत.

नाट्यशास्त्र हा ग्रंथ ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी उघडतो. गायक अठ्ठाविसाव्या अध्यायापाशी उघडतो, नर्तक चौथ्यापाशी, कारण तिथे एकशे आठ करणे आणि बत्तीस अंगहार आहेत, आणि नट किंवा साहित्याचा प्राध्यापक सहाव्या-सातव्यापाशी. आपापला अध्याय वाचून माणसे ग्रंथ मिटतात. खरी मौज मात्र मधल्या, कुणाच्याच नसलेल्या पानांत आहे. नटाने कसे बोलावे हे सांगणारा अध्याय घ्या. त्यात नटाच्या बोलण्याचे गुण म्हणून सात स्वर दिले आहेत, छाती, कंठ आणि मस्तक अशी तीन स्थाने दिली आहेत, उदात्त-अनुदात्तासारखे चार वर्ण, दोन प्रकारची काकू (म्हणजे बोलताना आवाजाला दिलेले वळण), आणि उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित असे सहा अलंकार. हास्य आणि शृंगारासाठी मध्यम-पंचम, वीर, रौद्र आणि अद्भुतासाठी षड्ज-ऋषभ, करुणासाठी गांधार-निषाद, बीभत्स-भयानकासाठी धैवत. हे सगळे बोलण्याबद्दल आहे, गाण्याबद्दल नाही. भरताने गाण्याला आणि वाद्यांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत, तेव्हा त्याचा गोंधळ झाला असे म्हणायला जागा नाही. आवाज कुठून काढायचा, किती उंच न्यायचा आणि किती वेगाने सोडायचा हा प्रश्न गाणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला एकच असतो, इतके साधे कारण त्यामागे असावे.

त्याहून मजेदार आहे तो चालण्याचा अध्याय. कोणत्या पात्राने रंगावर कसे चालायचे हे तिथे मोजून सांगितले आहे. देव आणि राजे यांचे पाऊल चार 'ताल' अंतराचे, मध्यम पात्रांचे दोन तालांचे, स्त्रिया आणि नीच पात्रे यांचे एका तालाचे. इथे ताल म्हणजे लांबीचे माप, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतची वीत. लगेच पुढे सांगितले आहे की चार तालांच्या पावलाला चार कला इतका वेळ, दोनाला दोन, एकाला एक. म्हणजे राजाचे पाऊल लांबही पडते आणि सावकाशही पडते. सामान्य माणसाने पटपट, आखूड पावले टाकत बाजूने जायचे. बायकांना नीच पात्रांच्या मापात बसवणारी ही उतरंड वाचताना आज दात-ओठ खावेसे वाटतात, आणि खावेतही. पण मापाची गंमत त्यामुळे नाहीशी होत नाही. गवई ज्याला ताल म्हणतो आणि टाळी देऊन मोजतो, त्याच नावाने इथे जमीन मोजली जाते. मूर्तिकारही याच नावाने मोजतो. नवताल मूर्ती, दशताल मूर्ती असे शिल्पशास्त्रात म्हणतात तेव्हा चेहऱ्याच्या उंचीच्या पटीत सगळे अंग बेतलेले असते. दगडात, जमिनीवर आणि काळात एकच माप चालते.

ताल हाताने मोजण्याच्या क्रियांची जुनी नावेही पाहण्यासारखी आहेत. आवाज न करता हात हलवण्याच्या चार रीती होत्या: आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश. संस्कृत नाटकाच्या प्रत्येक अंकाखाली सगळे 'निष्क्रांत' झाल्याची सूचना असते आणि नवे पात्र 'प्रवेश' करते, हे शाळेत शाकुंतल वाचलेल्या कुणालाही आठवेल. टाळी मोजणारा हात आणि रंगावरचे पात्र, दोघांच्या जाण्यायेण्याला एकच क्रियापद. एकदा हे दिसले की सगळीकडे दिसू लागते. रागाला 'चलन' असते. स्वर 'आरोहतात', 'अवरोहतात', तान 'पलटते', राग 'वक्र' होतो. कथकात सुरुवातीच्या एका रचनेला 'आमद' म्हणतात. हा फारसी शब्द, अर्थ 'येणे'. 'गत' हा शब्द तर सतारीवर, तबल्यावर आणि कथकात असा तीन ठिकाणी राहतो. सतारीवर ती रचना असते, मसीतखानी किंवा रझाखानी. तबल्यावर ती बोलांची बांधणी असते. कथकात मात्र ती खरोखरच चाल असते. घुंगटाची गत, मटकीची गत, बासरीची गत: त्या-त्या माणसासारखे चालून दाखवायचे. भरताच्या गतीच्या अध्यायापासून हा शब्द फार लांब गेलेला नाही.

इथे शार्ङ्गदेवाशी थोडे भांडावे लागते. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव सिंघणाच्या दरबारी, हिशेबाच्या मोठ्या अधिकारावर असलेला हा गृहस्थ. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला होता. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे सात अध्याय स्वरापासून निघतात आणि नर्तनापाशी संपतात. गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हणतात, ही व्याख्या त्याने प्रारंभीच देऊन टाकली आहे. दिल्लीतल्या संगीत नाटक अकादमीच्या नावात नृत्य कुठे दिसत नाही आणि तरी तिच्या कामात ते आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, शार्ङ्गदेवाच्या हिशेबाने नृत्य पहिल्याच शब्दात येऊन गेले आहे. इथवर भांडण नाही. पण तो पुढे क्रम लावतो: नृत्त वाद्याच्या मागे जाते, वाद्य गीताच्या मागे जाते, म्हणून गीत प्रधान. रंगावर तसे घडतही असेल. शब्दांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झालेला दिसतो. गळ्याने पायांना फारसे शब्द दिलेले नाहीत. पायांनी गळ्याला भरभरून दिले आहेत. गाणारा बसून गातो, आणि आपल्या बसून केलेल्या कामाचे वर्णन करताना मात्र चालणाऱ्याची भाषा बोलतो.

नाचाबद्दलचा संकोच जुनाच आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरताला एक रोखठोक प्रश्न विचारतात. अभिनय अर्थ पोचवण्यासाठी आहे हे समजले, पण हे नृत्त कशासाठी? ते गीताच्या अर्थाशी बांधलेले नाही, कोणताच अर्थ सांगत नाही. भरताचे उत्तर असे की नृत्ताला अर्थाची अपेक्षाच नाही, ते शोभा आणते, आणि लोकांना ते स्वभावतःच आवडते म्हणून विवाहात, जन्मोत्सवात, आनंदाच्या प्रसंगी ते चालत आले आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात एखाद्या गोष्टीचे समर्थन 'लोकांना आवडते' असे केलेले पाहून मला दर वेळी बरे वाटते. पुढे दहाव्या शतकात 'दशरूपक' लिहिणाऱ्या धनंजयाने नृत्त ताललयीवर, नृत्य भावावर आणि नाट्य रसावर आधारलेले असते अशी तीन चोख खणांत वाटणी केली. व्यवस्थित आहे, पण भरताच्या उत्तरातली मोकळी हवा त्यात नाही.

आता एक तारखांचा प्रकार. नाट्यशास्त्राची संस्कृत संहिता मुंबईत निर्णयसागरच्या काव्यमालेत छापून आली ती १८९४ साली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले १८४३ मध्ये, आणि किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. किर्लोस्करांपुढे निदान कालिदास होता. भाव्यांपुढे काय होते? कारवारकडच्या कर्की गावातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ, कोकणातले दशावतार, आणि कीर्तन. त्यांच्या नाटकात सूत्रधार होता, विदूषक होता, आधी गणपतीचे आणि सरस्वतीचे येणे होते. सगळा पूर्वरंग होता, ग्रंथ मात्र नव्हता. पुस्तकाची वाट न पाहता हे शब्द आणि त्या शब्दांमागची कामे माणसामाणसांतून इथवर पोचली होती.

त्यातला सगळ्यात चिवट प्रवास 'पूर्वरंग' या शब्दाचा. भरताच्या पूर्वरंगाची सुरुवात पडद्याआड होते. वाद्ये मांडणे म्हणजे प्रत्याहार, गायकांनी आपापल्या जागी बसणे म्हणजे अवतरण, मग वाद्यांची जुळवाजुळव, मग पडदा सरल्यावर वंदने आणि नांदी. नाटकवाल्यांनी त्यातली नांदी तेवढी ठेवली. 'पूर्वरंग' हा शब्द मात्र जाऊन बसला देवळात. नारदीय कीर्तनाचे दोन भाग आजही पूर्वरंग आणि उत्तररंग या नावांनीच ओळखले जातात. आधी अभंग आणि त्याचे निरूपण, मध्ये बुवांना बुक्का आणि हार, मग आख्यान. रंग म्हणजे रंगमंच, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात असते कोण जाणे. पण शब्द योग्य माणसाच्या हाती पडला. नारदीय कीर्तनकार एकटाच उभा राहून बोलतो, गातो, दोन पावले पुढे-मागे टाकत दमयंतीही होतो आणि हंसही होतो. धनंजयाचे तीन खण त्याच्या एका उपरण्यात मावतात.

उलट 'संगीत' या शब्दाचे मराठीत काय झाले ते पाहा. संगीत शाकुंतल, संगीत सौभद्र, संगीत शारदा, संगीत मानापमान: नाटकाच्या नावाआधी 'संगीत' लागले, आणि त्याचा अर्थ राहिला 'यात गाणी आहेत' एवढाच. शार्ङ्गदेवाच्या तिघांपैकी नृत्त गळून पडले. हे विसराळूपणाने झालेले नाही. नाच हा तमाशाच्या फडात आणि कलावंतिणींच्या बैठकीत होता. तो करणाऱ्या बायका कोणत्या जातींच्या आणि कोणत्या वस्तीतल्या, हे पांढरपेशा प्रेक्षकाला चांगले ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्याकडून काय घ्यायचे आणि काय नाही हे ठरवूनच घेतले गेले. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि त्या महाराष्ट्राच्या कानाला कायमच्या चिकटल्या. ठुमरीची चाल आली. ठुमरीतले 'भाव बताना' मात्र लखनौलाच राहिले. आपल्या शिव्यांतही हा निवाडा नोंदलेला आहे. 'नाटकं करू नकोस', 'काय तमाशा लावलाय', 'सोंगं पुरे', 'नाचतोय नुसता'. मराठी माणूस एखाद्याला 'गाऊ नकोस' म्हणून सहसा अपमान करत नाही.

आणि तरी नाच गेला नव्हता. संगीत नाटकाच्या जुन्या छापील प्रती उघडून पाहाव्यात. गाण्याला तिथे 'पद' म्हणतात. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' लिहिलेली असते. पदाच्या ओळी म्हणजे 'चरण'. पाय, पाय आणि चालणे. व्युत्पत्ती जाणणारे इथे मला अडवतील आणि म्हणतील की पाद म्हणजे मुळात चौथा हिस्सा, चार पायांच्या जनावरावरून आलेला, त्याचा नाचाशी संबंध नाही. बरोबर आहे, वेदातल्या ऋचेचा पाद कुणी नाचून दाखवत नव्हते. पण 'चाल' हा शब्द तरी त्यांनी मला सोडावा. एखाद्या गाण्याचा स्वरांचा आकार सांगायला मराठीने जो शब्द निवडला तो माणसाच्या चालण्याचा आहे. हिंदीत यासाठी 'धुन' किंवा 'तर्ज' म्हणतात. आपण म्हणतो, चाल छान आहे. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल जितके बोलले जाते जवळजवळ तितकेच त्यांच्या रंगावरच्या वावराबद्दल बोलले जाते, हेही इथे आठवते. रंगमंचावरून हाकललेले नृत्त नायिकेच्या चालण्यात येऊन राहिले असावे.

महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी दरबारात गोष्टी वेगळ्या घडल्या. तंजावरला शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक लिहिले, म्हणजे भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी. त्या परंपरेतल्या नाटकांत पात्र येताना 'दरू' म्हणतात, येणाऱ्याची ओळख करून देणारे गाणे. भरताने नाटकातल्या गाण्यांचे म्हणजे ध्रुवांचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला पहिला 'प्रावेशिकी'. दरू हा त्या ध्रुवेचाच दक्षिणी वंशज असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि काम पाहिले तर ते पटते. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंद आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाला जो क्रम दिला, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तोच आजच्या भरतनाट्यमचा पाया. त्याच दरबारात नाचासाठी मराठी 'निरूपणे' रचली गेली: एका कथेची, सलग, अनेक भागांची. कीर्तनकाराचा शब्द तंजावरला जाऊन नर्तकीच्या पायांत घुंगरू बांधून उभा राहिला. या रचनांच्या संग्रहाला 'साहित्याचे जिन्नस' असे म्हटले आहे, वाण्याच्या दुकानातल्या शब्दाने. आज नृत्याच्या वर्गात मुली 'आयटम' म्हणतात ते ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हा जिन्नस लक्षात ठेवावा. मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी ही निरूपणे पुन्हा उभी केली नसती तर ती पोथीतच राहिली असती.

पायांच्या शब्दांचा माझा हा सिद्धांत फार नीटनेटका होऊ लागला की मी कथकातली पढंत आठवतो. नर्तकी नाच थांबवते, माइकपाशी येते, हाताने ताल धरते आणि पुढच्या तुकड्याचे बोल म्हणून दाखवते. त्या बोलांना अर्थ नसतो. पण ते सपाट म्हटले जात नाहीत. कुठे आवाज दाबून, कुठे उसळून, कुठे एक अक्षर गिळून, तिहाईच्या आधी श्वासभर थांबून. भरताने नटाच्या बोलण्याला जे अलंकार सांगितले ते एकामागून एक इथे वापरलेले ऐकू येतात, अर्थाशिवाय. मग ती मागे जाते आणि तेच सगळे पायांनी करते. इथे आधी गळा आहे आणि मागून पाय. बोल तबल्याचे की नाचाचे की तिच्या तोंडचे, हे ठरवण्यात अर्थ नाही. मराठीत 'बोल लावणे' म्हणजे ठपका ठेवणे. इथे तो कुणावरच ठेवता येत नाही. शार्ङ्गदेवाला पढंत ऐकायला मिळाली असती तर त्याने आपला क्रम माझ्यापुढे विजयाने मांडला असता, आणि मला थोडा वेळ गप्प बसावे लागले असते.

'थाट' या शब्दाने मात्र मला पुन्हा बळ येते. भातखंड्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसवले. सतारवाला पडदे सरकवून थाट लावतो. कथकात विलंबित लयीत नर्तकी नुसती उभी राहते, मनगट, भुवई, मान एवढेच किंचित हलवते आणि समेवर डौलदार थांबते, त्यालाही थाटच म्हणतात. सामान्य मराठीत थाट म्हणजे डौल, बडेजाव. रागांचे कोष्टक आणि नर्तकीची उभी राहण्याची ऐट यांत काय सारखे? दोन्हींत अजून काही घडलेले नाही, पण जे घडेल त्याची सगळी मांडणी झाली आहे. थाट गाता येत नाही, राग गातात. कथकातल्या थाटातही गोष्ट सांगितली जात नाही. त्या उभे राहण्याला एक नाव हवे होते आणि ते दोघांनी एकच ठेवले.

पांढरपेशा मराठी रंगभूमीवर हे तुटलेले तुकडे पुन्हा जुळलेले दिसले ते १९७२ मध्ये पुण्यात, 'घाशीराम कोतवाल'मध्ये. तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. ओळीने उभे असलेले ब्राह्मण झुलत झुलत गातात, पाठ फिरवली की भिंत होतात, तोंड फिरवले की पुण्याचे नागरिक होतात, बाजूला सरले की वाट होतात. कोकणातल्या खेळ्यांमधल्या रांगेशी या रांगेचे नाते आहे. तिच्यातून कीर्तन निघते, लावणी निघते, आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे नाचतात. ज्या नाचाला पेठांतल्या नाटकाने ऐंशी-नव्वद वर्षे दाराबाहेर ठेवले होते, तो नाच पेठांतल्याच माणसांच्या रूपात आत आला आणि त्यांची लफडी उघडी करू लागला. नाटकावर गदारोळ झाला तो इतिहासावरून. मला वाटते, त्या अस्वस्थतेत थोडा वाटा झुलणाऱ्या शेंडीचाही असावा. अशी रांग बसवताना दिग्दर्शक, संगीतकार आणि नृत्यरचनाकार यांना एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलता आले असेल? 'इथे लय उचला', 'समेवर वळा', 'ठेका सोडू नका'. तिघांनाही कळेल अशी भाषा तेवढीच होती, आणि ती आयतीच होती.

'तालीम' हाही असाच एक आयता शब्द. अरबीतून आलेला, शिकवणे या अर्थाचा. गवयाला गुरूकडून तालीम मिळते, नाटकाची तालीम होते, कथकची तालीम असते, आणि कोल्हापुरात पैलवान तालमीत जातो. त्याचा 'ताल'शी काही संबंध नाही. कानाला मात्र तो आहे असे वाटत राहते, आणि हे वाटणे मी दुरुस्त करू पाहत नाही.

ग्रंथांत मला न सापडलेला, पण मराठी रंगकर्मींच्या तोंडी सतत असलेला एक शब्द उरतो: 'जागा'. 'काय जागा घेतली!' असे आपण गाण्यात म्हणतो. नाटकात हशाची जागा असते, टाळीची जागा असते, रडण्याचीही असते. बैठकीच्या लावणीत बसल्या बसल्या एखाद्या शब्दावर नजर फिरते, तीही जागाच. पुन्हा जमिनीचा शब्द, आणि पुन्हा काळासाठी. पण हा शब्द ताल, थाट, स्थायी यांच्यासारखा वागत नाही. त्या शब्दांची व्याख्या करता येते, परीक्षेला विचारता येते. जागा विचारता येत नाही. भातखंड्यांच्या पद्धतीने त्या चार स्वरांची नोंद करता येते, आणि नोंद बरहुकूम गायली तरी जागा येईलच असे नाही. नाटकाच्या संहितेतही तिची खूण नसते. नट ती प्रयोगांतून शोधतो. पुण्यात हमखास पिकलेली हशाची जागा नागपुरात कोरडी जाते. मग पुढच्या प्रयोगाला तो तेच वाक्य अर्धी मात्रा थांबून टाकून पाहतो. गाणे कधी न शिकलेला नटसुद्धा विंगेत येऊन सांगताना 'मात्रा'च म्हणतो.